अंगणात आलेला शनी

दुर्बीण मांडीवर घेऊन नगरहून घोडेगावपर्यंत सर्व्हिस मोटारीनं जाणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल, आणि माझ्याशिवाय ते कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. साडेतीन फुटांची पितळी नळी, तोंडाशी तीन इंचांचं भिंग, आणि वरून आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी गुंडाळलेली. शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकरू झोपलंय व्हय?" मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर पुढचा तासभर दुर्बीण म्हणजे काय ते समजावत बसावं लागलं असतं, आणि तो उद्योग मी पगार घेऊन करतो. बाईनं वारा लागू नये म्हणून आपला पदर माझ्या दुर्बिणीवर धरला, तो घोडेगाव येईपर्यंत सोडला नाही.

दुर्बीण माझी नव्हती, शाळेची होती. नगरच्या कॅम्पातला कुणी साहेब विलायतेला परत जाताना ती आमच्या शाळेला देऊन गेला होता, आणि तेव्हापासून ती प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होती. मी तिथं गणित आणि विज्ञान शिकवत असे. शुक्रवारी दुपारी न्यायची आणि सोमवारी पहिल्या घंटेला जागेवर हजर करायची, या अटीवर हेडमास्तरांनी ती मला दिली. कशासाठी हवी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शनीचा फोटो काढायचा आहे. "छंद का?" ते म्हणाले. मी छंद म्हणून सांगितलं. आईला जेवायला घालण्यासाठी शनीचा फोटो हवा आहे, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

पण खरं तेच होतं. आदल्या वर्षी मला विषमज्वर झाला. महिनाभर अंथरुणात होतो. त्याच सुमारास पंचांग बघणाऱ्या गुरुजींनी आईला सांगितलं की तुझ्या मुलाची रास कर्क, त्याला साडेसाती लागली आहे, साडेसात वर्षं जपायला हवं. मी बरा झालो तो औषधानं. आईच्या मते तिच्या उपासानं. तिचा शनिवारचा उपास म्हणजे शेंगदाणे-साबुदाणा नव्हे. निर्जळी. सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. वय साठीच्या घरात, अंगावर मूठभर मांस नाही, आणि हे साडेसात वर्षं चालवायचा तिचा इरादा होता. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ती आडावर पाणी शेंदताना चक्कर येऊन पडली. आडाच्या बाहेर पडली हे नशीब. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली आणि बाहेर येऊन मला स्पष्ट सांगितलं की हे असंच चाललं तर पुढचा उन्हाळा ती काढणार नाही.

मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एका शनिवारी स्वतः न जेवता बसून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या उपाशी बसण्यानं तर ती आणखीच घाबरली. शेवटी मी म्हणालो, "अगं, तो शनी म्हणजे एक गोळा आहे. नुसता गोळा. त्याला ना हात, ना पाय, ना डोळे. तो माझ्याकडे बघतो असं म्हणतेस, बघणार कशानं?"

"तू पाह्यलंस त्याला डोळं न्हाईत म्हनून?"

"पाहिलंय. दुर्बिणीतून पाहिलंय."

"मंग मला दाव. त्याला डोळं न्हाईत हे माज्या डोळ्यानं दिसलं, की सोडते उपास."

तिच्या डोळ्यानं! तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुर्बिणीला डोळा लावून तिला उजेडाच्या ठिपक्यापलीकडे काही दिसणं शक्य नव्हतं. पण वडिलांचा फोटो ती नाकाशी धरून बघत असे, आणि कोटाचं वरचं बटण लावलेलं नाही हेसुद्धा तिला त्यात दिसत असे. म्हणजे फोटो हवा. मोठा, हातात धरता येईल असा. असा फोटो पुस्तकात होता, पण पुस्तकातल्या चित्राला ती मानायला तयार नव्हती. "छापनारं काय बी छापत्यात," ती म्हणाली. तू काढ, माझ्या अंगणातून काढ, मग मानीन. इतकी चोख अट माझ्या वर्गात कुणी कधी घातली नव्हती.

आता आकाशातल्या वस्तूचा फोटो काढणं म्हणजे लग्नातल्या नवरानवरीचा फोटो नव्हे. नवरानवरी हलत नाहीत, निदान त्या वेळी तरी. पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीत शनी एका बाजूनं येतो आणि बघता बघता दुसऱ्या बाजूनं निघून जातो. दहा सेकंद काच उघडी ठेवायची तर ते दहा सेकंद दुर्बीण त्याच्यामागे फिरती हवी. विलायतेत त्यासाठी घड्याळाची यंत्रं असतात. मी रॉकेलचा डबा घेतला. त्याच्या तळाला बारीक भोक पाडलं, आत चाळलेली कोरडी वाळू भरली, वाळूवर एक दगड ठेवला. वाळू खालून गळते तसा दगड हळूहळू उतरतो, दगडाला बांधलेली दोरी कप्पीवरून येऊन दुर्बिणीला ओढते. भोक किती मोठं पाडायचं हे ठरवण्यात माझे पाच डबे वाया गेले. दुर्बिणीखाली ठेवायला सुताराकडून एक लाकडी बैठक करून घेतली होती. तिचा दांडा बरोबर ध्रुवाकडे रोखलेला असला तरच हा खटाटोप चालतो. सुतारानं पहिली बैठक सरळ करून आणली. तिरपी हवी म्हणून मी कागदावर काढून दिलं होतं. तो म्हणाला, "तिरपी हुती चित्रात, मी म्हनलं मास्तरांचा हात हालला आसंल."

काचेच्या प्लेटांची तर बोंबच होती. लढाई संपली होती, पण माल अजून यायचा होता. नगरच्या फोटोग्राफरनं महिनाभर फेऱ्या मारायला लावून तीन प्लेटा दिल्या, त्याही मुदत उलटलेल्या. घोडेगावला मोटारीतून उतरून सोनईपर्यंत बैलगाडीनं जाताना त्यातली एक फुटली. दुर्बीण मांडीवर सांभाळली, प्लेटांची पिशवी गाडीवानाजवळ दिली, आणि तो तिच्यावर बसला. उरल्या दोन.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला तासभर होता. मी दुर्बीण आधी माळवदावर चढवली, कारण ध्रुव तिथून दिसतो. पण आमचं माळवद मातीचं. मी एक पाऊल टाकलं की दुर्बीण थरथरे. खाली स्वयंपाकघरात बायकोनं मुसळ हाती घेतलं की वर दुर्बिणीत धरलेलं समोरचं चिंचेचं झाड नाचायला लागे. खाली अंगणात आणावी तर ध्रुव दिसत नाही, उत्तरेला शेजाऱ्यांची कडब्याची गंजी. मग ध्रुव दिसायला लागेपर्यंत वर थांबलो, माळवदावर त्याच्या रोखानं सुतळी ताणली, तिच्या दोन्ही टोकांना दगड बांधून ते भिंतीवरून खाली सोडले, आणि ते दोन दगड जिथं लोंबले त्या रेषेत अंगणात बैठक मांडली. हे करताना एक दगड आमच्या बायकोच्या खांद्याला लागला. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त लागतं.

तिची तक्रार वेगळीच होती. चूल पेटवायची नाही, असं मी फर्मान काढलं होतं, कारण धुरानं आकाश गढूळ होतं.

"आवं, मंग जेवायचं काय?" ती म्हणाली.

"सकाळची भाकरी खाऊ."

"आन् गावातली गुऱ्हाळं? ती बी तुमीच इझवनार का?"

गुऱ्हाळं! संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, गावात दोन गुऱ्हाळं रात्रंदिवस चालू. पूर्वेकडून, म्हणजे जिथून शनी वर येणार नेमका तिथूनच, उसाच्या पाचटाचा धूर येत होता. सबंध वर्षभर ज्या गावात वाळलेलं पानसुद्धा हलत नाही त्या गावानं माझ्यासाठी हा मुहूर्त राखून ठेवला होता. मी अंगणात उभा राहून वाऱ्याला शिव्या दिल्या. वारा आठच्या सुमाराला फिरला, माझ्या शिव्यांनी नव्हे.

आणि मग शनी दिसला. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला लाकडी खोकं जोडलेलं होतं, त्याच्या मागे घासलेली काच. त्या काचेवर मी चित्र नेमकं केलं आणि तिथं तो होता, मुगाच्या दाण्याएवढा, आणि त्याच्याभोवती कडं. अगदी स्वच्छ. मी बायकोला बोलावलं. तिनं बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज मऊ झाला. "अगं बाई, नथीतल्या मोत्यावानी हाय की," ती म्हणाली. त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढा लवकर कधीच खूश झालो नव्हतो, आणि पुन्हा कधी होणार नाही.

आई ओट्यावर बसली होती. उद्या शनिवार, म्हणून तिनं देवाचं सामान आजच काढून ठेवलेलं होतं. तिला मी हात धरून आणलं आणि घासलेल्या काचेशी तिचं तोंड नेलं. तिनं बराच वेळ बघितलं.

"उजेड हाय," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाई दिसत."

"म्हणून तर फोटो काढतोय."

"पर तो हाय का हितं? ह्या नळीत?"

प्लेट भरायची होती, धूर कधी परत फिरेल याचा नेम नव्हता, डब्यातून वाळू गळत होती. मी म्हणालो, "हो गं, यातच आहे. आता कुणी हात लावू नका." विज्ञानाच्या मास्तरानं हे वाक्य बोलायला नको होतं.

प्लेट अंधारात भरावी लागते. मी आणि बायको माजघरात गेलो, दार लावलं, कंदील विझवला, फटींना पोतेरी लावली. मी डोक्यावरून गोधडी घेतली आणि आत चाचपडत त्या दोन प्लेटा त्यांच्या चपट्या लाकडी पेट्यांत बसवल्या. कोणत्या बाजूला मसाला आहे हे ओठाला लावून बघावं लागतं, चिकट लागते ती बाजू पुढे. एक प्लेट उलटी बसली, पुन्हा काढली, पुन्हा बसवली. बायकोला सारखं विचारत होतो, "उजेड नाही ना?" तीही तितक्याच वेळा सांगत होती, "न्हाई." दहा-बारा मिनिटं गेली असतील. घामाघूम होऊन बाहेर आलो.

बाहेर आलो तर शनी दुर्बिणीच्या बाहेर गेलेला. मोठ्या नळीवर एक छोटी नळी असते, वस्तू शोधायची. तीत तो कडेला लागला होता. "कुणी धक्का दिला?" मी ओरडलो. बायको माझ्याबरोबरच आत होती, आई ओट्यावर पूर्वीसारखी बसलेली. म्हणजे दोरी घसरली. माझंच काम, माझीच दोरी, रागावणार कुणावर? छोट्या नळीतून बघत मी शनी पुन्हा मधोमध आणला. तिच्यात तो अगदी लखलखीत दिसत होता, म्हणून मोठ्या नळीतून पुन्हा बघायची मला गरज वाटली नाही. शिवाय मागे आता प्लेट बसवली होती, ती काढणं आलं असतं. एक पुठ्ठा दुर्बिणीच्या तोंडासमोर धरला, प्लेटेचं झाकण ओढलं, थरथर थांबायला वेळ दिला, आणि पुठ्ठा बाजूला करून दहा आकडे मोजले. सातव्या आकड्याला डब्यातली वाळू अडकली. दगड थांबला, दोरी थांबली, शनी मात्र थांबला नाही. डब्याला लाथ मारली तेव्हा वाळू भसकन सुटली.

गेली एक. आता हातात शेवटची. वाळू पुन्हा भरली, भोकातून काडी फिरवली, दोरीला मेण लावलं. पुठ्ठा हाताला ओलसर लागला. दव पडलंय असं वाटलं. दहा आकडे मोजले. या वेळी वाळू नीट गळली, दगड नीट उतरला, सगळं यंत्र घड्याळासारखं चाललं. झाकण लावलं, प्लेट काढून गोधडीत गुंडाळली आणि मी तिथंच मातीत बसलो. बायकोला म्हणालो, पेटव आता चूल.

मग सहज, नुसत्या समाधानासाठी, घासलेली काच लावून शनीकडे बघितलं.

कडं नव्हतं. गोळा नव्हता. ओल्या भिंतीवर कंदिलाचा उजेड पडावा तसा एक लांबुडका फाकलेला उजेड, त्यातून खाली ओघळ. मी काच पुढे केली, मागे केली. डोळे पुसले. दव असेल म्हणून दुर्बिणीच्या तोंडाशी गेलो आणि धोतराच्या सोग्यानं भिंग पुसलं. बोटाला चिकट लागलं. नाकाशी नेलं. तिळाचं तेल. मग भिंगाच्या पुढच्या पितळी कड्यात हात घातला तर आत रुईचं फूल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई ओट्यावर बसली होती, आणि तिच्या शेजारी शनीच्या तेलाची बाटली, रिकामी. मी काय बोललो ते सगळं इथं लिहिणार नाही. अडाणी म्हणालो. महिनाभराची मेहनत मातीत घातलीस, म्हणालो. उपाशी मरायचंय ना तुला, मर, असंही म्हणालो. चुलीपाशी बायको फुंकणी हातात घेऊन उभी राहिली.

आईनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "वर्सातलं समदं शनिवार दुसऱ्याच्या हाती तेल धाडते मी शिंगनापूरला. बायकांनी चौथऱ्यावर चढायचं न्हाई. लांबनं हात जोडायचं. माजं तेल त्यानं देवाला घातलं का सवताच्या टकुऱ्याला चोपडलं, मला काय ठावं? आन् आज तो माज्या अंगनात आला. तूच म्हनलास, हितंच हाय. मंग मी काय बसून ऱ्हाऊ?"

"अगं, तो इथं नाही! तो आकाशात आहे! कोट्यवधी मैलांवर!"

"मंग तू त्याला हितं कसा बघतूस?"

याचं उत्तर मला येत होतं. प्रकाशाचं परावर्तन, वक्रीभवन, सगळं येत होतं. ते मी दर वर्षी फळ्यावर काढतो. पण त्या वेळी मी दुर्बीण गोधडीत गुंडाळली आणि न जेवता झोपलो. दुसऱ्या दिवशी शनिवार. आईनं पाण्याचा थेंब घेतला नाही. मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही, आणि तिच्या वाळलेल्या ओठांकडे बघायचंही टाळलं. तिच्या जिवासाठी एवढं केलं होतं, आणि आता तिचा जीवच मला नकोसा झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण तसं वाटत होतं खरं.

सोमवारी पहिल्या घंटेला दुर्बीण जागेवर होती. भिंग मी रविवारी रिठ्याच्या पाण्यानं आणि जुन्या मलमलीनं तीन तास पुसलं होतं, तरी कपाट उघडलं की आठवडाभर तिळाच्या लाडवांचा वास यायचा. हेडमास्तरांनी एकदा नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "प्रयोगशाळेत कुणी डबा खातं काय?" मी चौकशी करतो म्हणालो.

फोटोग्राफरनं प्लेटा धुतल्या. पहिलीवर नुसता ओरखडा, ती त्यानं तिथंच टाकून दिली. दुसरी धुऊन मोठा फोटो करून दिला. काळ्या जमिनीवर एक फिकट, फुगीर, गोलसर डाग, कडेला मऊ, खाली ओघळ. कड्याचा पत्ता नाही. फोटोग्राफर म्हणाला, "कुणाचा आहे?" त्याला कुणा माणसाचा वाटला.

पुढच्या शनिवारी दुपारी मी घरी गेलो. फोटो फाडायचा ठरवला होता, पण पिशवीतच राहिला. आई भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुकलेलं. मला बघताच तिनं पहिलं विचारलं ते हे, "फोटू आला का?" आठवडाभराचा अबोला तिच्या लेखी संपला होता. माझ्या लेखी नव्हता. मी पिशवीतून फोटो काढला आणि तिच्या हातात जवळजवळ टाकलाच. "हे घे. बघ, तुझ्या तेलानं काय केलंय ते."

तिनं फोटो नाकाशी धरला. एका डोळ्यानं बघितला, मग दुसऱ्या डोळ्यानं. उजेडाकडे तिरपा केला. पुन्हा नाकाशी आणला, आणि बोटानं त्या डागावर हळूच फिरवून बघितलं, वरून खाली, ओघळापर्यंत. मी समोर उभा होतो. तेल म्हणजे काय, भिंग म्हणजे काय, डाग कशानं पडला, सगळं सांगायला तयार.

"डोळं मिटल्यात त्यानं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "काय?"

"डोळं मिटल्यात. तेल लावलं की मिटतातच. तू बी मिटायचास. टाळूवर तेल घातलं की लगीच." तिनं फोटो खाली ठेवला. "आता न्हाई बघायचा तो तुज्याकडं."

चुकीच्या रीतीनं बरोबर उत्तर आणणाऱ्या मुलाला मी वर्गात शून्य देतो. वीस वर्षं देत आलोय, त्यात कधी दयामाया केली नाही. आता समोर माझी आई होती आणि तिची एकूण एक पायरी चुकलेली होती. मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती, त्या पांढुरक्या डोळ्यांना जेवढं दिसत होतं तेवढं. ओठ फुटलेले होते, त्यांच्या कोपऱ्यांत पांढरं साचलेलं.

"होय," मी म्हणालो. "मिटलेत."

"तुला दिसलं?"

"दिसलं."

तिनं भिंतीला हात टेकून स्वतःला सावरलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारली. "आज काय केलंय गं? वाढ मला." बायको दारात आली. तिनं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता आत गेली. मी पाण्याचा तांब्या भरून आईच्या हातात दिला. माझा राग अजून गेलेला नव्हता. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी एका दमात प्यायली.